हुडकणं

आमच्याकडं बेळगावात ‘शोधणं’ हा शब्द पुस्तकात राहिला. बोलताना आम्ही हुडकतो. चावी हुडकायची, चष्मा हुडकायचा, पोरीला स्थळ हुडकायचं, हरवलेली म्हैस हुडकायची. कानडीतही ‘हुडुकु’ म्हणजे शोधणंच. त्यामुळं वडगावच्या आमच्या गल्लीत सासूबाईंनी आतून विचारलं, “काय हुडकूलालीस गं मघापासनं?” की शेजारच्या कानडी घरातही तो प्रश्न कळतो. जन्मापासून ऐकत आलेला हा शब्द. पण माझ्या रोजच्या थकव्याचं नाव तेच आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर उमगलं.

त्याआधी कुणी विचारलं तर मी सांगायची, काम फार आहे. खोटं नव्हतं ते. सकाळी साडेपाचला उठायचं, दोन डबे भरायचे, मामंजींच्या गोळ्या काढून ठेवायच्या, मुलीची शाळेची गाडी, मग स्कूटीवरून उद्यमबाग. तिथं एका मशीनशॉपमध्ये मी नऊ वर्षं स्टोअर सांभाळते. संध्याकाळी परत आलं की पुन्हा स्वयंपाक. पण माझ्या आईनं यापेक्षा जास्त काम केलं, तेही मिक्सर आणि गॅसशिवाय, आणि ती रात्री आडवी झाली की झोपायची. मी आडवी झाले की डोक्यात यादी सुरू व्हायची. गॅसचं पुस्तक कुठाय? हेस्कॉमचं लाईटबिल भरलं का? त्या कंपनीला चलनाची प्रत पाठवायची राहिली. मुलीच्या सहलीचे पैसे. हात रिकामे झाले तरी डोकं हुडकतच असायचं.

मग ती रात्र आली.

मी धारवाडला धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणाला गेले होते. बेळगावपासून दीड तासाचं अंतर, मुक्काम ठरलेला. रात्री सव्वानऊला नवऱ्याचा फोन. मामंजींच्या छातीत दुखायला लागलंय, दवाखान्यात आणलंय. डॉक्टरांनी लगेच हातात घेतलं, ईसीजी काढला, सलाईन लावलं. त्यात काही कमी पडलं नाही. पण काउंटरवर रेशन कार्ड आणि आधार मागितलं होतं. आमच्या राज्यात आरोग्य कर्नाटक योजनेत कुठल्या घराला किती मदत ते रेशन कार्डावरून ठरतं. बीपीएल कार्ड असेल तर घराला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, एपीएल असेल तर खर्चाच्या 30 टक्के आणि तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. म्हणजे तो पिवळट कागद रात्री सव्वानऊला एकदम घरातल्या सोन्याएवढा झाला.

नवरा घरी परत आला आणि आम्ही दोघं फोनवरून हुडकायला लागलो. धारवाडच्या अंगणात डोळे मिटून मी माझं घर बघत होते. कपाटाचा वरचा खण बघ. नाही. देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर. नाही. गादीखाली, उशाकडच्या बाजूला. तिथं पहाणीच्या, म्हणजे शेताच्या उताऱ्याच्या, झेरॉक्स आहेत, कार्ड नाही. ट्रंकेत? ट्रंकेची किल्ली कुठं? किल्ली तांदळाच्या डब्यामागं, खिळ्याला. पस्तीस मिनिटं गेली. कार्ड सापडलं ते मिक्सरच्या वॉरंटीच्या पाकिटात. मीच ठेवलं होतं. झेरॉक्स काढून येताना पाऊस लागला होता आणि घरात तेवढं एकच पाकीट जाड होतं.

मामंजी दोन दिवसांत घरी आले. हृदयाचं काही नव्हतं. पण त्या रात्री ट्रंकेपुढं बसून नवरा एक वाक्य बोलला ते अजून माझ्या कानात आहे. “या घरात मला काहीच माहीत नाही.” चिडून नव्हे, अगदी हळू. मला तोपर्यंत वाटायचं, घर माझ्या डोक्यात आहे ही माझी हुशारी. सगळे मला विचारतात, मी बसल्या जागेवरून सांगते, अमुक खणात, तमुक डब्यामागं. त्या रात्री दिसलं की घर माझ्या डोक्यात आहे याचा अर्थ मी बाहेर असले की घरच बंद.

धारवाडहून आल्यावर मी एक केलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठवडाभर, ज्या ज्या वेळी कुणी काही हुडकलं तेव्हा एक रेघ मारली. सोमवार ते रविवार 39 रेघा झाल्या. त्यातल्या 26 वेळा प्रश्न मला विचारला गेला होता. कात्री, चार्जर, मोज्याचा जोड, बँकेचं पासबुक, थर्मामीटर, सासूबाईंची जपमाळ, मुलीचा कंपास. एकेक गोष्ट दोन मिनिटांची. पण प्रत्येक वेळी हातातलं काम सुटायचं आणि परत धरावं लागायचं. कणीक अर्धी मळलेली, दूध वर आलेलं.

गंमत नव्हे, पण मला खरंच आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हुडकाहुडकी कशी थांबवायची हे मला रोज पगार घेऊन येत होतं.

उद्यमबागेतली आमची शॉप लहान आहे. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतात, आमच्याकडं मशिनिंग होतं, तपासून पुढं जातात. मी लागले तेव्हा स्टोअरची अवस्था आमच्या ट्रंकेसारखी होती. टॅप, ड्रिल, इन्सर्ट, प्लग गेज, सगळं होतं आणि काहीच मिळत नव्हतं. एखादं माप तपासायचं गेज सापडलं नाही की मशीन उभी राहायची, ऑपरेटर उभा, त्याच्यामागं फोरमन उभा, आणि सगळे माझ्या खिडकीत. मग मालकांनी फाइव्ह एस शिकवणाऱ्या एकांना बोलावलं. जपानी कारखान्यांतली पद्धत, पाच शब्द: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, उरलं त्याला जागा द्या, साफ ठेवा, तीच रीत सगळ्यांची करा, आणि ती मोडू देऊ नका. मी वहीत उतरवून घेतलं आणि सगळ्या खणांवर मराठीत चिठ्ठ्या लावायला बसले.

फोरमन बैलहोंगलचे, कानडी बोलणारे, साठीला आलेले. ते माझ्यामागं उभं राहून बघत होते. म्हणाले, “हेसरु ब्याड्री, चित्र तेगीरी.” नावं नकोत, चित्र काढा. मी वळून बघितलं. ते म्हणाले, बघा की, खानापूरकडची पोरं मराठी वाचतात, आमच्याकडची कानडी, आणि ती नवीन तिघं ओडिशाची, त्यांना यातलं काहीच येत नाही. चिठ्ठी कुणासाठी लावता?

मग आम्ही पत्र्याचा फळा केला. प्रत्येक पान्याची, प्रत्येक गेजची आकृती त्यावर पिवळ्या रंगानं काढली आणि त्यावर ती वस्तू टांगली. पाना नेला की त्याची पिवळी रिकामी आकृती दिसते. काय नाही ते लांबून कळतं, कुणाला विचारावं लागत नाही, आणि संध्याकाळी शिफ्ट सुटताना एक नजर टाकली की झालं. खिडकीतली गर्दी महिन्याभरात ओसरली. कामं तेवढीच होती, माणसं तेवढीच. पण मशीनवरची आरडाओरड कमी झाली, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

इतकी वर्षं त्या फळ्यासमोर बसून मला तो घरी आणायचं सुचलं नव्हतं.

पावसाळ्यातला रविवार होता. बाहेर इतकी झड लागलेली की गल्लीत माणूस नाही. बाहेरच्या खोलीत मोठी चटई टाकली आणि घरातला प्रत्येक कागद तिच्यावर आणून ओतला. ट्रंक, दोन सूटकेस, कपाटाचे खण, गादीखालचा थर, नवऱ्याच्या जुन्या ऑफिस बॅगेतला गठ्ठा. मामंजी खुर्चीत, सासूबाई भिंतीला टेकून, मुलगी माझ्यासमोर मांडी घालून.

सीमाभागातल्या घराचे कागद बघणं ही सोपी गोष्ट नाही. आमची खानापूर तालुक्यात दीड एकर भातशेती आहे. त्या एकाच तुकड्याचे कागद चटईवर पसरले तर किती राज्यं निघाली बघा. अगदी तळाशी घडीवर विरलेले मोडीतले कागद, आज आमच्या घरात कुणालाच वाचता न येणारे. त्यावर मुंबई राज्याच्या काळातल्या मराठी पावत्या. मग 1 नोव्हेंबर 1956 नंतर म्हैसूर राज्य. मग 1973 नंतर कर्नाटक. आणि वर आताची पहाणी, ‘भूमी’ या सरकारी योजनेच्या संगणकातून निघालेली, पूर्ण कानडीत. जमीन हलली नाही, बांध हलला नाही. कागदावरचं राज्य आणि लिपी तेवढी बदलत गेली. शहराचंही तसंच, 1 नोव्हेंबर 2014 आधीच्या कागदांवर बेळगाव, नंतरच्यांवर बेळगावी.

मामंजी कानडी घडाघडा बोलतात, पण वाचता येत नाही. सासूबाई मराठी वाचतात, सावकाश, ओठ हलवत. नवऱ्याला मराठी आणि इंग्रजी. घरात कानडी नीट वाचणारं माणूस एकच, माझी चौदा वर्षांची मुलगी, शाळेत शिकते म्हणून. तिनं पहाणी उचलली आणि पणजोबांचं नाव मोठ्यानं वाचलं. मामंजी खुर्चीतून पुढं वाकले. “हे आमच्या बाबांचं नाव न्हवं.” तिनं परत वाचलं. नावाला शेवटी ‘अप्पा’ जोडलेलं होतं आणि आडनाव पुढं आलेलं. मामंजींनी तो कागद हातात घेतला. वाचता येत नसताना बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले.

मग आम्ही तेच काम आधी केलं. एका कोऱ्या कागदावर तक्ता आखला. डाव्या बाजूला घरातलं प्रत्येक माणूस, वर कागदाचं नाव: आधार, रेशन कार्ड, पहाणी, शाळेचा दाखला, बँक, मतदार कार्ड. आणि प्रत्येक चौकटीत त्या कागदावर नाव नेमकं जसं आहे तसं, अक्षर न अक्षर. सासूबाईंच्या नावाची तीन रूपं निघाली, मामंजींच्या चार. हा तक्ता ज्याच्या घरी नाही त्यानं आजच आखावा, असं मी हात जोडून सांगेन. 2023 च्या पावसाळ्यात आमच्या राज्यातल्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2,000 रुपये सुरू व्हायचे होते तेव्हा आमच्या गल्लीतल्या किती बाया सेंटरवरून परत आल्या! रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव हवं, ते आधारशी जुळायला हवं, आधार बँकेशी. पैशापेक्षा त्या चकरांनीच त्या दमल्या. नाव कुठं चुकलंय हे रांगेत उभं राहिल्यावर कळण्यापेक्षा घरी चहा पिताना कळलेलं बरं. निदान नोटरीकडं जायचं की दुरुस्तीचा अर्ज द्यायचा ते शांतपणे ठरवता येतं.

तक्ता झाल्यावर कागद लावायचे कसे हा प्रश्न. मी आधी वर्षांप्रमाणं लावायला घेतले. तासाभरात सोडून दिलं. कागद कधीचा आहे हे कुणी विचारत नाही. कुठल्यातरी खिडकीत कुणीतरी मागतं. मग खिडकीप्रमाणंच लावले. दवाखान्यात मागतात ते एकत्र. शेताचे, म्हणजे तलाठ्याकडं आणि नाडकचेरीत, आमच्याकडच्या महसुली कचेरीत, लागतात ते एकत्र. शाळेचे. बँक आणि विम्याचे. आणि घराचे: घरपट्टी, लाईट, गॅस, पाणी. आधारची प्रत प्रत्येक गठ्ठ्यात एकेक, कारण ते सगळीकडंच लागतं. पाच गठ्ठे झाले. मोडीचे आणि जुन्या पावत्यांचे वेगळे, ते परत ट्रंकेत. प्लास्टिकमध्ये नव्हे, आमच्याकडच्या पावसात प्लास्टिकच्या आत ओल धरते आणि कागदाला बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून.

आणि आता चिठ्ठ्या. मराठीत लिहू की कानडीत? पेन हातात धरून थांबले आणि फोरमनचं बोलणं आठवलं. चिठ्ठी कुणासाठी?

माझं माहेर वडगावातलंच, विणकराचं. शहापूर आणि वडगावच्या साड्या एकेकाळी लांबलांबच्या बाजारात जायच्या. बाबा हातमागावर बसत. खड्ड्यात पाय सोडून, डाव्या हाताला कांड्यांची टोपली, उजव्या गुडघ्याशी कात्री, आणि डोक्यावरच्या दांडीला तुटलेल्या तारा सांधायला सुताच्या लडी, रंगारंगाप्रमाणं. ते कधी वर बघत नसत, हात वर गेला की बरोबर ती लड हातात यायची. तार तुटली की माग थांबवून तिथंच सांधायची. मी लहानपणी विचारायची, इतकुशी तर तार आहे, नंतर सांधली तर? ते म्हणायचे, नंतर नाही जमत. ती फट मग साडीच्या शेवटापर्यंत जाते. पुढं हातमाग गेला, यंत्रमाग आला, आता तोही नाही. पण आईनं तुकडे जपून ठेवलेत, गाठोडंभर.

त्या गाठोड्यातून मी पाच रंग आणले आणि सासूबाईंनी मशीनवर पाच पिशव्या शिवल्या, नाडीच्या. तांबडी दवाखान्याची. हिरवी शेताची. पिवळी शाळेची. निळी बँकेची. पांढरी घराची. रंग त्यांनीच ठरवले, मी फक्त ‘बरं’ म्हटलं. स्वयंपाकघराच्या दारामागं पाच खिळे ठोकले आणि भिंतीवर प्रत्येक खिळ्याखाली त्याच रंगाचा ठिपका दिला, पिशवी नसली तर दिसावं म्हणून. सगळ्या महत्त्वाच्या कागदांचे फोटो नवऱ्याच्या आणि मुलीच्या फोनमध्येही ठेवले, डिजिलॉकरही उघडून घेतलं. ते चांगलंच आहे. पण मामंजींच्या हातात फोन दिला तर त्यांना डिजिलॉकर सापडणार नाही, तांबडी पिशवी सापडेल. व्यवस्था घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वापरता आली पाहिजे. बाकीच्यांना मग येतेच.

सगळंच असं जमलं नाही. उत्साहाच्या भरात मी स्वयंपाकघराकडं वळले आणि एका शनिवारी सगळे डबे माझ्या हिशेबानं लावले. सासूबाई पंचेचाळीस वर्षं त्या ओट्यापुढं उभ्या आहेत. त्यांचा हात अंधारातही मोहरीवर जातो. पुढचे दोन दिवस त्या हुडकत होत्या, आणि मला काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून सगळं होतं तसं लावलं. मला विस्कळीत दिसत होती ती खरं म्हणजे घडी होती, फक्त माझी नव्हती.

म्हणूनच एकसारख्या बरण्यांनी भरलेल्या फळ्यांचे फोटो बघून कुणी घर लावायला निघालं की मला काळजी वाटते. आधी डबे विकत घ्यायचे आणि मग त्यात काय घालायचं ते बघायचं, हा उलटा रस्ता आहे. आणि ‘वर्षभर वापरलं नाही ते टाका’ हे आमच्या घरांना लागू पडत नाही. आमच्याकडची मोठी पातेली तीन-तीन वर्षं माळ्यावर असतात आणि गल्लीत लग्न निघालं की चार दिवसांत सहा घरं फिरून येतात. ती अडगळ नव्हे. कुणाकडं गेलीत ते लिहून ठेवलं म्हणजे पुरे.

मधल्या काळात मी एका अभ्यासाबद्दल वाचलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेट्टी या दोन संशोधक बायांनी 2010 मध्ये तो प्रसिद्ध केला. लॉस एंजेलिसमधली तीस जोडपी, नवरा-बायको दोघं कमावणारी. प्रत्येकाला स्वतःचं घर फिरून दाखवायला सांगितलं आणि ते काय बोलतात ते टिपलं. मग काही दिवस लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताणाशी जोडलेलं हे संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि दिवस मावळेल तसं उतरत जातं. घर दाखवताना ज्या बायांच्या तोंडी पसारा, अर्धवट राहिलेलं, असे शब्द जास्त आले, त्यांचं कॉर्टिसॉल जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पुरुषांत हा संबंध तसा दिसला नाही. पसाऱ्यामुळंच हे होतं, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण आमच्या घरी मी हे रोज बघत आले होते. सोफ्यावर कपड्यांचा ढीग असला तर नवऱ्याला कपडे दिसतात. मला घडी घालणं, इस्त्रीला देणं, तुटलेलं बटण आणि मुलीचा उद्याचा गणवेश दिसतो. ढीग तोच असतो.

कागदांना खिळे मिळाले, पण डोक्यातल्या यादीचं काय? तिला खिळा नव्हता. त्यावर मला एक लांब वही उपयोगी पडली, वाण्याकडं असते तसली. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं त्यात उद्याचं लिहायचं. हेही कुणीतरी तपासून बघितलेलं आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी 57 तरुण मुलामुलींना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला लावलं. अर्ध्यांनी पुढं करायची कामं लिहिली, अर्ध्यांनी झालेली. 2018 मध्ये छापून आलेल्या त्या प्रयोगात पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी 9 मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांनी जितकं नेमकं लिहिलं तितकी लवकर. मी आधी ‘पहाणी’ एवढंच लिहायची. आता लिहिते, ‘गुरुवारी सकाळी साडेदहा, नाडकचेरी, हिरवी पिशवी’. काम झालेलं नसतंच. पण ते कुठं आणि कधी भेटणार हे ठरलं की मन त्याला धरून बसत नाही.

अनिश्चितपणा म्हणजे काय ते कळायला आमच्याकडं पाण्याएवढं दुसरं उदाहरण नाही. शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, पण आमच्या भागात रोज नाही. काही वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास नळाला पाणी आहे. तिथली माझी एक मैत्रीण आहे, तिच्या घरात पिंप नाही. तिच्याकडं बसलं की मला तिच्या बोलण्यातही एक सैलपणा ऐकू येतो. आमच्याकडं पाच दिवसांनी येणारं पाणी भरून ठेवायला मला त्रास नाही, पिंप आहेत, टाकी आहे. त्रास होता तो आज येणार की उद्या, पहाटे की दुपारी, याचा. अर्धी गल्ली पहाटे चारला कान देऊन झोपायची. शेवटी कोपऱ्यावरच्या काकींनी व्हॉल्व्ह सोडायला येणाऱ्या माणसाला चहाला बसवलं आणि सांगितलं, बाबा, निघताना मला एक फोन कर. त्या ग्रुपवर टाकतात, ‘सुटलं’. एक शब्द. पाणी वाढलं नाही, पण गल्लीची झोप वाढली.

कॅलेंडरच्या मागं मी या वर्षी परत एक आठवडा रेघा मारल्या. 14 झाल्या. चार्जर अजून सापडत नाही, कंपास तर नाहीच. मला विचारलेल्या फक्त पाच.

मागच्या महिन्यातला मंगळवार. शॉपमध्ये माल पाठवायचा होता, दिवसभर फोनकडं बघायला वेळ नव्हता, आणि फोन वाजलाही नव्हता. साडेसहाला घरी आले तर सासूबाईंच्या हाताला कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी. दुपारी त्यांना गरगरलं होतं. मामंजी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले, रक्त तपासलं, साखर उतरली होती, सलाईन लावून चारला परत. दोघंच. दोघांची मिळून दीडशे वर्षं. माझ्या पोटात खड्डा पडला.

“मला फोन का केला नाही?”

सासूबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, जणू मी काहीतरी विचित्र विचारलं.

“कशाला? पिशवी होती की.”

मी दारामागं बघितलं. तांबडी पिशवी तिच्या खिळ्यावर होती. नाडी बांधलेली, खालचं टोक पावसानं भिजून गडद झालेलं, आणि आत मामंजींनी नवीन रिपोर्ट चार घड्या करून खोचलेला.